पावतीवर नाव कुणाचे?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'कलेला लोकाश्रय आणि राजाश्रय' असा छापला आहे. विषय भारदस्त आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई. रागदारीतले किंवा चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. माझा आणि कलेचा संबंध येतो तो अर्ज, दाखले, झेरॉक्स आणि जिल्हा परिषदेच्या पायऱ्या यांतून. तेव्हा त्या पायऱ्यांवर ज्या बायका मला भेटतात त्यांच्याविषयीच बोलते. त्या तमाशातल्या बायका आहेत. काही ढोलकी फडातल्या, गावोगाव ट्रकमधून हिंडणाऱ्या. काही संगीत बारीतल्या, कला केंद्रात राहून बैठकीची लावणी करणाऱ्या.

महाराष्ट्रात कलेला राजाश्रय नाही असे म्हणता येणार नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्याच्याही आधीपासून आहे. राज्य नाट्यस्पर्धा त्याच काळातली. फडांना अनुदान आहे, तमाशा महोत्सव होतात, लावणीची प्रशिक्षण शिबिरे होतात. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. २०१० साली डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामातून राज्याचे सांस्कृतिक धोरण आले, २०२४ मध्ये नवे धोरण आले. एवढे सगळे असताना तमाशातली बाई साठीला पोचते तेव्हा तिच्या हातात काय असते, हा माझा प्रश्न आहे.

विठाबाईंचेच घ्या. राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई. पोटात कळा येत असताना बोर्डावर उभी राहिली, कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. केवढी कलानिष्ठा! मला मात्र दर वेळी वाटते, ही बाळंतपणाची रजा नसलेल्या कामगार बाईची गोष्ट आहे. गिरणीतल्या बाईची अशी गोष्ट कुणी सांगितली असती तर आपण मालकाच्या दारात मोर्चा नेला असता. तमाशातल्या बाईची सांगितली की आपण टाळ्या वाजवतो. २००२ साली विठाबाई गेल्या, त्याआधीची त्यांची वर्षे हलाखीत गेली. पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू झाला तो त्यानंतर.

आता मानधनाकडे येऊ. २०२४ पासून ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. त्याआधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेण्या होत्या आणि सगळ्यात खालच्या श्रेणीला २,२५० रुपये मिळत. वाढ चांगली आहे, तिचे स्वागत केलेच पाहिजे. पण ते मिळवायचे कसे? वय पन्नासच्या पुढे हवे. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. आणि कलेच्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केल्याचा पुरावा हवा. या तिसऱ्या अटीपाशी आमच्या बायका अडतात.

एक बाई माझ्याकडे आली तेव्हा तिचे वय अठ्ठावन्न होते. बाराव्या वर्षी फडात उभी राहिली, पन्नाशीपर्यंत नाचली, मग गुडघे गेले म्हणून स्वयंपाकाला लागली. तिची फाइल तीनदा परत आली. पुरावा म्हणून तिने काय जोडले होते? एक पिवळा पडलेला फोटो. त्यात सात बायका पाठमोऱ्या उभ्या आहेत, त्यातली ती डावीकडून तिसरी. कारकून म्हणाला, "बाई, ही पाठ तुमचीच कशावरून?" तो टर उडवत नव्हता, त्याला खरोखरच कागद हवा होता. मीही त्या बाईला विचारले, "मावशी, हँडबिलावर तुमचे नाव कधी छापले होते का?" ती म्हणाली, "हँडबिलावर मालकाचं नाव असतं, पुढं एखाद्या हिरोइनीचं. आमचं 'आणि संच'."

मैत्रिणींनो, 'आणि संच' या दोन शब्दांत किती बायका राहतात याची मोजदाद कुणी केलेली नाही.

व्यवहार कसा चालतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माघ-फाल्गुनापासून जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीचे पुढारी तिथे येतात, फड निवडतात आणि सुपारी ठरते. सुपारी म्हणजे एका रात्रीच्या खेळाची ठोक रक्कम. कमिटी मालकाला पैसे देते, मालक पावती देतो. त्या पावतीवर फडाचे नाव असते. आतल्या शंभरेक माणसांपैकी कुणाचेच नसते. कलावंतांना हंगामाच्या सुरुवातीला उचल मिळते. ऊसतोडीच्या टोळीला मिळते तशीच. ती फेडता फेडता हंगाम संपतो आणि पावसाळ्यात घर चालवायला पुन्हा नवी उचल घ्यावी लागते. मालकही काही गब्बर नसतात बरे का. ट्रक, तंबू, जनरेटर यांसाठी तेही सावकाराकडून कर्ज काढतात, आणि फडमालकांत बायकाही आहेत. मी कुणाला खलनायक करत नाही. पण या साखळीत पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर कुणाचे तरी नाव लिहिले जाते. तिच्यापर्यंत पोचल्यावर मात्र लिहिणे थांबते.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पाडव्यापासूनच यात्रा-जत्रांचा खरा जोर सुरू होतो. सगळा हंगाम गेला. २०२१ ला पाडवा १३ एप्रिलला आला, आणि १४ तारखेच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. दुसरा हंगामही गेला. त्यानंतर सरकारने लोककलावंतांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले. ती मदत द्यायची कुणाला हे ठरवायला यादी लागते. ज्यांचे नाव आधीच कुठल्यातरी कागदावर होते त्यांना यादीत शिरणे सोपे गेले. 'आणि संच'मधल्या बायकांनी त्या दोन वर्षांत खुरपणी केली, भांडी घासली. काही जणी मुंबईच्या दिशेने गेल्या, त्यांचा पत्ता मला लागला नाही.

याच योजनेतली आणखी एक गोष्ट. मानधन घेणारा कलावंत वारला तर त्याच्या पतीला किंवा पत्नीला ते पुढे चालू राहते. वरकरणी किती माणुसकीची तरतूद! पण संगीत बारीतल्या कितीतरी बायका लग्न करत नाहीत, जातीच्या रीतीने त्यांना करू दिले जात नाही. हे जग किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या पुस्तकात १९९४ सालीच लिहून ठेवले आहे. अशी बाई गेली तर तिच्या आधाराने जगणारी म्हातारी आई, तिच्या बहिणीची पोरे, तिची लेक, यांपैकी कुणीही त्या तरतुदीत बसत नाही. ज्या बाईच्या कमाईवर नवरा नावाचा माणूस सोडून सगळे कुटुंब उभे होते, तिच्यासाठी नियम नवरा शोधत बसतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचे नाव लावणे राज्याने बंधनकारक केले. ते शहाणपण या नियमापर्यंत का पोचू नये?

आता अवघड भागाकडे वळते. मी हा विषय काढला की आपल्यातल्याच काही जणी मान हलवतात. म्हणतात, तमाशा म्हणजे पुरुषांच्या डोळ्यांसाठी मांडलेला बाजार. शिट्ट्या, दौलतजादा, दारू पिऊन आलेले प्रेक्षक. बाईला वस्तू करणाऱ्या गोष्टीला आपण लोकाश्रय मिळवून द्यायचा?

हा आक्षेप मी उडवून लावत नाही. कला केंद्रांच्या मागच्या खोल्यांतून काय चालते ते मी ऐकले आहे, थोडेफार पाहिलेही आहे. पण हीच भाषा याआधी कोणी कोणी वापरली ते आठवा. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी धडपड केली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली 'तमाशा सुधार समिती' नेमली गेली आणि खेळ पुन्हा सुरू झाले ते अटी घालून घेऊन. शब्द बघा, 'सुधार'. सुधारायचे कुणाला? कलावंतांना. त्यांची मजुरी, त्यांचा प्रवास, त्यांची सुरक्षितता सुधारण्याचा विचार त्या शब्दात नव्हता. पुढे मराठी तमाशापटांनी थिएटरे भरली, मध्यमवर्गाने लावणी डोक्यावर घेतली. लावणी घेतली, लावणीवालीला फाटकाबाहेर ठेवले. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात हेच मांडले होते, आणि त्यात जात कशी काम करते ते दाखवले होते. शैलजा पैक यांचे तमाशा, जात आणि 'अश्लील' ठरवण्याचे राजकारण यांवरचे इंग्रजी पुस्तक २०२२ साली आले. कुणाला शक्य असेल तर आपल्या अभ्यासगटात त्यातले एखादे प्रकरण मराठीत सांगावे.

डान्स बारच्या वेळीही हे झाले. २००५ साली राज्याने बंदी आणली. तारांकित हॉटेलांना आणि क्लबांना मात्र त्या कायद्यात सूट होती, म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्तातला नाच वाईट होता. बाईच्या प्रतिष्ठेच्या नावाने हजारो बायकांची रोजी गेली. तेव्हा स्त्री-चळवळीत मतभेद झाले. काही संघटना बंदीच्या बाजूने होत्या, काही बारमधल्या बायकांच्या कामाच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला. पण आठ वर्षे वाट पाहायला कुणाकडे शिल्लक असते?

माझे मत स्पष्ट आहे. काम घाण आहे म्हणून ते करणाऱ्या बाईला आपण वाऱ्यावर सोडत नाही. सफाई कामगार बाईला सोडले नाही, घरकामगार बाईला सोडले नाही. 'मोलकरीण' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीचे रडगाणे वेगळे, पण कागदावर 'कामगार' हा शब्द आला. तमाशातल्या बाईच्या नावापुढे 'कलावंत' लावल्याने तिचा मान वाढतो हे खरे. पण कलावंताला मानधन मिळते, आणि मानधन म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. कामगाराला मजुरी मिळते. मला तिच्या नावापुढे दोन्ही शब्द हवे आहेत.

शिवाय एक हिशेब आपल्यावर बाकी आहे. आपल्या चळवळीने या कलांकडून भरपूर घेतले. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत लोकजागृतीची भाषा तमाशानेच पुरवली. १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' गावोगाव पोचले त्यामागेही लोककलांचीच रीत होती. आपल्या पथनाट्यांतला शाहीर, आपली ढोलकी, हे कुठून आले?

आता राजकारण. तमाशातल्या बायकांना राजकीय पाठिंबा का मिळत नाही? अगदी साधे कारण आहे, त्या मतदानाच्या दिवशी गावात नसतात. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाली. यात्रांचा भर नेमका तोच. फडातली बाई त्या दिवशी घरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, कुठल्यातरी शाळेच्या ओट्यावर झोपलेली होती. टपाली मतदानाची सोय तिच्यासाठी नाही. जी मत देऊ शकत नाही तिचे गाऱ्हाणे आमदाराच्या वहीत खाली खाली जाते.

दुसरे उदाहरण ध्वनिक्षेपकाचे. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवता येते. नियम चांगलाच आहे, मला स्वतःला आवाजाचा त्रास होतो. पण ते पंधरा दिवस कुणाच्या वाट्याला जातात? गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, वर्षअखेर. ज्यांची मंडळे आहेत, ज्यांच्या मंडळांपुढे पुढारी फोटो काढतात, त्यांच्या. गण, गवळण, बतावणी, मग रात्र चढल्यावर वग अशी ज्या खेळाची बांधणी, त्याला दहाला गाशा गुंडाळावा लागतो. मग वग जातो आणि सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच राहतो. बाईला वगात बोलायला मिळायचे, राजाला आणि पाटलाला सवाल करायला मिळायचे. ते गेले, कंबर तेवढी उरली. मग आपणच म्हणतो की तमाशा बिघडला!

म्हणून लोकाश्रय उभारायचा तर मुंबईच्या सभागृहातून सुरुवात करू नये, असे मला वाटते. सुपारी जिथे ठरते तिथे हात घालावा. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०११ पासून. यात्रा कमिटीत किती बायका आहेत? मी ज्या गावांत काम करते तिथे बहुतेक ठिकाणी एकही नाही. गावाची वर्गणी बायकांच्या घरातूनही जाते, पण फड निवडायला नारायणगावला जाणारी जीप पुरुषांनी भरलेली असते. सरपंच बाई असेल तर तिने त्या जीपमध्ये बसायला काय हरकत आहे? लोक हसतील. पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली तेव्हाही हसले होते.

आणि तिथे काय मागायचे? दोन वर्षे चार गावांत आम्ही करून पाहिले ते सांगते. खेळ झाल्यावर ग्रामपंचायतीने एक साधा दाखला द्यायचा. अमुक तारखेला, अमुक यात्रेत, या फडाने खेळ केला आणि त्यात पुढील कलावंतांनी काम केले. खाली सगळ्यांची नावे. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या, स्वयंपाकीण, सगळ्यांची. सरपंच-ग्रामसेवकाची सही आणि शिक्का. एक प्रत फडाला, एक दप्तरी. याला एक पैसा लागत नाही. एका गावात ग्रामसेवक म्हणाले, असा नमुनाच नाही. आम्ही नमुना टाइप करून दिला. एका फडमालकाने नावे द्यायला खळखळ केली, त्यांना वाटले आम्ही उचलीची चौकशी करणार. समजूत काढावी लागली. पण दाखला हातात पडल्यावर एका पंचविशीतल्या मुलीने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला, आणि मला विचारले, "पन्नाशीला हा चालंल ना?" तिला अजून पंचवीस वर्षे आहेत. असे पंधरा दाखले जमले की तिची पाठ ओळखायला कारकुनाला फोटो लागणार नाही.

कपडे बदलायला बंद जागा, संडास आणि खेळाच्या वेळी मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना आवर, या तीन गोष्टी सुपारीच्या कागदातच लिहून घ्याव्यात. २०२३ मध्ये एका नर्तिकेचे कपडे बदलतानाचे चोरून केलेले चित्रण राज्यभर फिरले होते. ती प्रसिद्ध होती म्हणून बातमी झाली. फडातल्या मुलीबाबत हे घडले तर ती कुठे जाणार? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने असंघटित क्षेत्रातल्या बायकांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. तिथे तमाशातल्या बाईची तक्रार एकदा तरी दाखल झाली आहे का, हे आपापल्या जिल्ह्यात विचारा. आणि माहितीच्या अधिकारात समाजकल्याण विभागाला विचारा की मानधन घेणाऱ्यांत बायका किती आणि त्यात तमाशाच्या किती. उत्तर आले की ते घेऊन आमदाराकडे जायचे. आकडा हातात असला की आमदार खुर्ची देतो, असा माझा अनुभव आहे.

वरच्या पातळीवरची मागणी कल्याण निधीची. हमाल-मापाड्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा याच राज्याने केला. रोज वेगळा मालक असलेल्या कामगाराचीही नोंद ठेवता येते, निधी जमा करता येतो, हे त्याने दाखवून दिले. फडातल्या बाईचेही रोज वेगळे गाव, वेगळी कमिटी. प्रत्येक सुपारीमागे ठरावीक टक्का नोंदणीकृत निधीत गेला तर बाळंतपण, आजारपण, म्हातारपण यांची सोय होऊ शकते. केरळात सांस्कृतिक क्षेत्रातल्या लोकांसाठी असे कल्याण निधी मंडळ आहे. फडमालकांचा याला विरोध होईल, सुपारीची रक्कम वाढेल म्हणून गावेही कुरकुरतील. म्हणूनच गावातल्या बायका आधी आपल्या बाजूला हव्यात. एका गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मला विचारले होते, "आमच्या नवऱ्यांनी तिच्यावर उधळलेले पैसे कमी पडले म्हणून आता वर्गणीही आम्हीच द्यायची का?" प्रश्न रास्त होता. मग त्या यात्रेत दुपारचा एक खेळ फक्त बायकांसाठी ठेवायला लावला. चारशेच्या वर बायका आल्या. बतावणीला इतक्या हसल्या की सोंगाड्या आपले वाक्य विसरला. खेळानंतर फडातल्या मुलींना घेऊन त्या घरी जेवायला गेल्या. सगळ्या घरांनी दार उघडले असे नाही, तीन घरांनी उघडले.

दाखल्याचा नमुना आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. प्रती कमी आहेत, एका गटाने एकच घ्यावी. राहुट्या माघात लागतात, तेव्हा ज्यांच्या गावात यात्रा आहे त्यांनी पौषातल्या ग्रामसभेत विषय पत्रिकेवर घालून घ्यायला हवा. त्यानंतर कमिटी सुपारी ठरवून मोकळी झालेली असते. आता प्रश्न विचारा. अवघड प्रश्न आधी आले तर बरे.